किती दिवस अंगावर काढावयाचे?

शेतकरी व कारागीर बंधु-भगिनींनो,

आपल्या गोठ्यातील बैल लंगडू लागला तर आपण त्याच दिवशी ढोरांच्या दवाखान्याची वाट धरतो. पेरणीच्या तोंडावर बैल बसला म्हणजे सबंध वर्ष बसले, हे लहान पोरासही कळते. पण त्याच घरातील बाई चार-चार महिने ओटीपोट धरून चालते, तिच्या अंगावरून जाते, कंबर उभी राहू देत नाही, तरी तिला दवाखाना दाखवावा असे कोणास वाटत नाही. ती स्वतःच म्हणते, "व्हईल बरं, काढते अंगावर." अंगावर काढणे हा आमच्या बायांचा जन्माचा धंदा होऊन बसला आहे. आज आम्ही त्या धंद्याचा हिशेब मांडणार आहोत, आणि त्या हिशेबात सरकारकडे किती येणे निघते तेही सांगणार आहोत.

हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, आणि शाळामास्तराने तर नव्हेच नव्हे, असे ज्यांस वाटेल त्यांनी खुशाल पान उलटून बाजारभाव वाचावेत. ज्यांच्या घरी लेक आहे, सून आहे, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे. आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस वाचून दाखवावे.

आम्ही गेली वीस वर्षे गंगाखेड तालुक्यात मुले शिकवितो. दसरा सरला की डोंगराकडच्या वाड्या-तांड्यांतून गाड्या भरून माणसे ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत फडात राबावयाचे. होळी-पाडव्याच्या सुमारास माणसे परत येतात. आमच्या हजेरीपत्रकावर दसऱ्यास सातवीत असलेली पोर पाडव्यास परत येते ती गळ्यात काळी पोत घालून. आई-बापांस विचारावे तर म्हणतात, "गुरुजी, वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवावी? आणि फडात न्यावी तर कोपीला दार नाही." त्यांचे हे बोलणे खोटे नाही. म्हणून तिचे लग्न लावतात, आणि एका घरात आणखी एक कोयता वाढतो.

ही आमच्या एका गावाची गोष्ट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वर्षांच्या ज्या स्त्रिया पाहिल्या, त्यांपैकी परभणी जिल्ह्यात शेकडा ४८ जणींची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याच्या आत झालेली निघाली. सबंध महाराष्ट्राचा आकडा शेकडा २२ च्या आसपास आहे. म्हणजे बालविवाहाच्या कामात आपला जिल्हा महाराष्ट्राच्या दुपटीने पुढे! २००६ च्या कायद्याप्रमाणे असे लग्न लावणाऱ्यास, त्यात पौरोहित्य करणारा भटजीही आला, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. पण मुहूर्त निघतात, पत्रिका छापल्या जातात, पंगती उठतात, आणि पुढारी आशीर्वाद देण्यास हजर असतात!

आता पुढचा हिशेब पाहा. पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी पहिले बाळंतपण, विसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन लेकरे, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ऑपरेशन. या सहा वर्षांत तिला कोणी विचारले का, की बाई, पहिले मूल कधी हवे? दुसऱ्यात अंतर किती हवे? अंतर राखण्याची साधने सरकारी यादीत आहेत. 'अंतरा' नावाची तीन महिन्यांनी घ्यावयाची सुई आहे, आठवड्याची 'छाया' गोळी आहे, तांबी आहे, निरोध आहे. आणि ही सर्व फुकट आहेत. पण फडावर गेलेल्या बाईस तीन महिन्यांनी सुई कोणी द्यावी? उपकेंद्र गावात, बाई कोल्हापुराकडे. सुई तिकडे मिळत नाही आणि दिवस मात्र राहतात.

आमच्या ओळखीच्या एका बाईची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण अब्रू तिची आहे. वय अठ्ठावीस. अंगावरून पांढरे जात होते, ओटीपोटात दुखत होते. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही उसाची मोळी डोक्यावर. एक दिवस खाडा केला तर मुकादमाचा दंड. गावी परत आल्यावर ती सरकारी दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा बायांस तपासणारी डॉक्टरीण नव्हती. गोळ्यांची पुडी घेऊन परत आली. मग कोणी तालुक्यातील एक खाजगी दवाखाना दाखविला. तेथे पोटाचा फोटो काढला आणि सांगितले, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर कोणाचे धाडस होणार? ३५,००० रुपये मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल म्हणून घेतले आणि गर्भाशय काढून टाकले. पुढे ती आमच्या मंडळीजवळ बोलली, "बाई, पाळीची कटकट गेली म्हणून मी खूश झाले व्हते. आता तिशीच्या आतच म्हातारीवानी हाडं दुखत्यात." आणि त्या ३५,००० रुपयांसाठी ती त्याच दसऱ्यास पुन्हा फडात गेली.

कोणी म्हणेल, एखादीचे असे व्हावयाचेच. तर शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहा. तेथील ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. सहांपैकी एक! पंगतीस बसलेल्या सहा बायांकडे पाहून त्यांतील एक मनातल्या मनात वेगळी काढा, म्हणजे हा आकडा कळेल.

हे पाप कोणाचे? डॉक्टरचे? आहेच. मुकादमाचे? आहेच. खाड्याचा दंड चुकावा म्हणून मान हलविणाऱ्या नवऱ्याचे? तेही आहे. पण आम्ही विचारतो, ती बाई सरकारी दवाखान्यात दोनदा गेली तेव्हा तेथे तपासणारे कोणी का नव्हते? अंगावरून जाण्याचे दुखणे पुष्कळदा वेळेवर तपासून दिलेल्या साध्या औषधाने, स्वच्छ पाण्याने व चार दिवसांच्या विसाव्याने बरे होते. तो थोडक्या पैशांचा इलाज सरकारने केला नाही, म्हणून बाईने हजारो रुपये भरले आणि वर शरीराचा एक भाग दिला. सरकारचा पैसा वाचला असे कोणी म्हणू नये. तो खर्च झालाच. फक्त तो तिजोरीतून न होता बाईच्या अंगातून झाला.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहून ठेवले, की २०२५ पर्यंत देशाच्या एकंदर उत्पन्नापैकी शेकडा अडीच रुपये सरकारी आरोग्यखर्चास लावू, आणि राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचे शेकडा आठाहून अधिक लावावेत. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात त्या अडीच रुपयांचे १ रुपया ८४ पैसे भरले. तेही महामारीच्या वर्षांत! १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले, हे चांगले झाले. आम्ही त्याबद्दल सरकारास दोष देत नाही. पण चिठ्ठी फुकट झाली आणि खुर्चीत डॉक्टर नसला, तर त्या फुकटाचा उपयोग काय? आडात पाणी नसता दोर फुकट वाटण्यासारखेच ते झाले.

ही मागणी नवी नाही. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवेने जीव देऊ नये, लेकरू मारू नये, सुखरूप बाळंत व्हावे, एवढाच हेतू. तेथे आलेल्या विधवा ब्राह्मणांच्या घरच्या होत्या, आणि जोतीरावांनी त्यांची जात विचारून दार लावले नाही. सरकार करीत नाही, समाज करीत नाही, तेव्हा पदरमोड करून त्यांनी ते केले. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले, पण माणूस हटला नाही. १९३० साली म्हैसूर संस्थानने सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाची सोय केली.

आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत काय झाले ते प्रत्येक घरात माहीत असावे. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला, की सरकारने बहुजनांत संततिनियमनाचा जोराने प्रचार करावा व त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. 'सोयी पुरवाव्यात' या दोन शब्दांत सगळे आले. साहेबांच्या बायका खाजगी डॉक्टरकडे जातील. गिरणीतील व शेतातील बाईने कोठे जावे? तिच्यासाठी सरकारी तिजोरी उघडावी, असा तो ठराव होता. तो पडला. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे येथे तर असा ठराव मांडण्याचीही सोय नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी गेली. पण बाईचे अंगावर काढणे गेले नाही.

स्वराज्यात पैसा आला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. पण पुढे त्या पैशाबरोबर काठीही आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी बहुतेक पुरुषांच्या. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक यांच्या माथी 'केस' आणण्याचे काम मारले. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आमच्या आधीच्या पिढीतील गुरुजी सांगत, की त्या काळात मास्तर दिसला की लोक ज्वारीच्या रानात लपत. ज्याच्याकडे मुले शिकावयास पाठवावयाची त्यालाच पाहून पळावयाचे, अशी दशा होती.

आणि शाळेची तरी काय शोभा! ७ जानेवारी २०१२ रोजी बिहारात अररिया जिल्ह्यात एका सरकारी शाळेत रात्री शिबिर भरवून एका डॉक्टरने दोन तासांत ५३ बायांची ऑपरेशने केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूर जिल्ह्यात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशने झाली आणि त्यानंतर किमान तेरा बाया गेल्या. मेंढरेसुद्धा इतक्या घाईने कातरीत नाहीत! अररियाच्या प्रकरणावरून देविका बिस्वास यांनी केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी हुकूम दिला, की तीन वर्षांत ही शिबिरे बंद करा आणि दवाखाने नीट करा. आम्हीही हेच म्हणतो. पैसा द्या म्हणतो तेव्हा आम्ही काठी मागत नाही. मोजणी किती ऑपरेशने झाली याची नको. किती दिवस दवाखाना उघडा होता, याची हवी.

आणीबाणीनंतर पुरुषाने हात झटकले आणि सगळा भार बाईच्या पोटावर आला. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे देशात विवाहित जोडप्यांपैकी शेकडा ३७.९ ठिकाणी बाईची नसबंदी झालेली आहे; पुरुषाची शेकडा ०.३! म्हणजे सव्वाशे बाया टेबलावर चढतात तेव्हा एक पुरुष चढतो. मिशीला पीळ देणाऱ्या आमच्या बांधवांनो, पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी थोड्या मिनिटांत होते, पोट फाडावे लागत नाही, आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. ताकद जाते हा निव्वळ बाजारगप्पांचा माल आहे. बैल नांगरास आणि गाय दुधास, हे वाटप आपण जाणतो. मग तीन बाळंतपणे सोसलेल्या बाईवरच पुन्हा सुरी का, याचे उत्तर स्वतःस द्यावे.

आता एक नवे कीर्तन सुरू झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्राचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू म्हणाले, मुले जास्त होऊ द्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले, जननदर २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणजे दोनाहून अधिक, तीन मुले हवीत. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्राचा दर १.७ निघाला, हे खरे. पण ह्याच महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनाहून अधिक मुले झालेल्यास ग्रामपंचायतीस उभे राहता येणार नाही, असा कायदा झाला. एकीकडून बंदी, दुसरीकडून आग्रह! आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. काल ज्यांनी थांबा म्हणून काठी उगारली आणि आज जे वाढवा म्हणून उपदेश करतात, त्या दोघांनीही ज्या बाईच्या पोटी मूल वाढावयाचे तिला एका शब्दाने विचारले नाही. तिसऱ्या लेकराचे दूध, शाळा व दवाखाना उपदेशक पुरविणार आहेत काय?

काही शहाणे म्हणतात, ही घरातील खाजगी बाब; त्यावर सार्वजनिक पैसा कशास? आम्ही त्यांस परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे बोट दाखवितो. १९७२ पासून ते सरकारी पैशावर चालते. भेंडीवर केवडा रोग पडतो म्हणून तेथे 'परभणी क्रांती' नावाचे वाण काढले. भेंडी ज्याच्या त्याच्या वावरातली. मग ती खाजगी बाब का झाली नाही? भेंडीच्या दुखण्यास सार्वजनिक पैसा आणि भेंडी खुरपणाऱ्या बाईच्या दुखण्यास लाज, हा कोणता न्याय? शिवाय तो पैसा सरकारचा नव्हेच. साबणाची वडी, खताची गोणी, लोहाराचा पत्रा, कुंभाराच्या सायकलचा टायर, प्रत्येकावर आम्ही कर भरतो. दवाखाना मागणे म्हणजे भिक्षा नव्हे, आपलाच पैसा मागणे होय.

दुसरे म्हणतात, अशाने नीती बिघडेल. चौदाव्या वर्षी पोर बोहल्यावर चढविताना ज्यांची नीती बिघडत नाही, त्यांनी ह्याची काळजी करू नये. तिसरे म्हणतात, बाया स्वतःच येत नाहीत. दार उघडे ठेवून पाहा, म्हणजे कळेल!

आमच्या मागण्या येणेप्रमाणे आहेत:

१. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातील ठरलेल्या वारी बायांस तपासणारी डॉक्टरीण व सोनोग्राफीची सोय असावी. वार दारावर लिहावा आणि पाळावा.

२. उपकेंद्रात अंतरा, छाया, तांबी, निरोध यांचा साठा बारमास असावा. काय आहे व काय संपले याचा फलक लावावा.

३. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत असे ठरले आहे. त्यातून फडावर फिरता दवाखाना, नर्सबाई व शौचाचा आडोसा यांचा खर्च आधी व्हावा. गावची चिठ्ठी फडावर चालावी.

४. १९७१ च्या व २०२१ मध्ये सुधारलेल्या कायद्याप्रमाणे गर्भपाताची सुरक्षित सोय तालुक्यास मिळावी. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, हे दारावर मोठ्या अक्षरांत लिहावे.

५. दुसऱ्या सरकारी डॉक्टरने तपासल्यावाचून तरुण बाईची पिशवी काढू नये.

६. हंगामी वसतिगृहे दसऱ्याच्या आधी उघडावीत व मुलींसाठी तेथे बाई अधीक्षक असावी. पोर शाळेत राहिली तर लग्न टळते, लग्न टळले तर बाळंतपण टळते. ह्यापरते स्वस्त कुटुंबनियोजन आम्हांस ठाऊक नाही.

बंधु-भगिनींनो, ग्रामसभेच्या आधी महिला सभा भरवावी असा नियम आहे. आमच्याकडे बहुधा ती कागदावर भरते. येत्या वेळी ती पारावर भरवा. त्यात हे सहा ठराव मांडा, वहीत लिहून घ्या, सह्या-अंगठे करा आणि नक्कल पंचायत समितीस पाठवा. पुरुषांनी त्या दिवशी चूल सांभाळावी, बाया सभेस जातील. १९३८ साली सभागृहात हा ठराव पडला, कारण तेथे आमची माणसे थोडी होती. गावाच्या सभेत निम्म्या तर बायाच आहेत. तेथे तो पडण्याचे कारण काय?

आणि आज सायंकाळी एवढे तरी करा. घरातील बाईस विचारा, की तुला कोठे दुखते? ती म्हणेल, काही नाही. पुन्हा विचारा.